निर्यातीची करमाफी आणि मागे उरलेली मत्ता

मुंबईत माल तयार करण्याची जागा आणि तो बोटीवर चढविण्याची जागा यांच्या मधोमध घोडपदेव वसले. पश्चिमेस भायखळा, चिंचपोकळी, लालबागचा गिरणगाव. पूर्वेस हार्बर रेल्वेचा मार्ग आणि त्याच्या पलीकडे कॉटन ग्रीन, रे रोड येथील पोर्ट ट्रस्टच्या वखारी व गोद्या. घोडपदेवाच्या देवळावरून नाव मिळालेल्या या वस्तीतील चाळींमधून एका दिशेने गिरणी कामगार निघे, तर दुसऱ्या दिशेने गोदी कामगार आणि माथाडी. कापसाच्या गाठी याच परिसरातील वखारींत रचल्या जात, सूत आणि कापड याच परिसरातून गोदीकडे जाई. देशाच्या निर्यातीचा एक मोठा प्रवाह अनेक दशके या वस्तीच्या अंगावरून वाहत होता.

परंतु निर्यातीला तिसरीही एक जागा असते. ती गिरणीत नसते आणि गोदीतही नसते. ती असते निर्यातदाराच्या हिशेबाच्या वहीत. माल कोणी विणला, कोणी उचलला याची नोंद या वहीत मजुरीच्या खर्चाखाली होते; माल कोणाच्या नावाने गेला, परकीय चलन कोणाच्या खात्यात आले आणि त्या नफ्यावर सरकारने किती कर सोडला, याची नोंद मात्र मालकाच्या नावावर होते. प्राप्तिकराच्या कायद्याला केवळ ही तिसरी जागाच दिसते. म्हणूनच निर्यातीला दिलेल्या करसवलतीचा विचार करताना विचारावयाचा खरा प्रश्न असा की, सोडलेल्या कराच्या पैशाचे पुढे काय झाले? त्यातून कोणती मत्ता उभी राहिली, आणि ती निर्यातीच्या उपयोगाची होती काय?

हा प्रश्न केवळ हिशेबतपासनिसांचा नाही. शिक्षक, कारकून, बँकेतील नोकरदार यांचा प्राप्तिकर पगार हाती येण्यापूर्वीच कापला जातो. त्यांच्या उत्पन्नाला निर्यात म्हणण्याची सोय नाही. एका वर्गाला माफ केलेला कर हा दुसऱ्या वर्गाने भरलेल्या कराच्या आधारावरच माफ होऊ शकतो. केंद्र सरकार २००६-०७ च्या अर्थसंकल्पापासून सोडून दिलेल्या महसुलाचे विवरण संसदेपुढे ठेवू लागले, त्यामागचे तत्त्व हेच की, करमाफी हाही सार्वजनिक खर्चच होय. तो खर्च असेल, तर त्याचा हिशेब मागणे हा करदात्याचा अधिकार ठरतो.

उत्तेजन कशाला?

उत्तेजन ज्या मापाला बांधावे, त्या मापाचीच वाढ होते, याचा अनुभव मुंबईला प्राप्तिकराच्या सवलतींच्या फार पूर्वी आला होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या गिरण्यांचे सूत मोठ्या प्रमाणावर चीनला जाई. त्या काळी गिरणीचा कारभार मॅनेजिंग एजंटांच्या हाती असे आणि अनेक गिरण्यांत त्यांचे कमिशन तयार झालेल्या सुताच्या वजनावर, दर पौंडामागे पाव आणा असे ठरलेले असे. गिरणीला नफा होवो वा तोटा, सूत निघाले की एजंटाचे कमिशन निघे. साहजिकच सूत अधिक काढण्याकडे त्यांचा ओढा राहिला; यंत्रे सुधारणे, गंगाजळी राखणे यांची निकड त्यांना तितकीशी भासली नाही. पुढे जपानने चीनची बाजारपेठ काबीज केली, तेव्हा या ढिलाईची किंमत गिरण्यांना आणि कामगारांना मोजावी लागली. एजंटांची ही पद्धत कायद्याने बंद झाली ती थेट १९७० साली.

स्वतंत्र भारताच्या प्राप्तिकर कायद्यात निर्यातीला उत्तेजन देताना हा धडा नजरेसमोर असावयास हवा होता. १९८३ च्या वित्त कायद्याने १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात ८० एचएचसी हे कलम घातले. आरंभी ही वजावट माफक आणि उलाढालीशी जोडलेली होती: निर्यातीच्या उलाढालीचा १ टक्का आणि आदल्या वर्षापेक्षा वाढलेल्या उलाढालीचे ५ टक्के. १९८५ साली तिचा संबंध नफ्याशी जोडण्यात आला. १९८९-९० या करनिर्धारण वर्षापासून मात्र निर्यातीच्या नफ्यावर शंभर टक्के वजावट मिळू लागली. म्हणजे निर्यातीपासून झालेला संपूर्ण नफा करमुक्त झाला.

या काही वर्षांतच घोडपदेवच्या दोन्ही बाजूंना काय घडले, ते ध्यानात घेण्यासारखे आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि तो संप रीतसर मागे न घेता विरून गेला. अनेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्याच नाहीत. १९८९ साली खाडीपलीकडे न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि पेट्यांतून जाणारा माल हळूहळू तिकडे वळला. म्हणजे निर्यातीच्या नफ्याला पूर्ण करमाफी मिळाली, तेव्हाच ती निर्यात घडविणाऱ्या जुन्या वस्त्यांपासून निर्यात दूर जाऊ लागली होती. करमाफीमुळे हे घडले असे म्हणता येणार नाही. त्याची कारणे निराळी होती. परंतु ज्या कारखान्यांना, यंत्रांना आणि माणसांना भांडवलाची सर्वांत अधिक गरज होती, त्यांच्यापर्यंत माफ केलेला कर पोहोचावा अशी कोणतीही तरतूद त्या कलमात नव्हती, हेही तितकेच खरे.

अमेरिकेतील कागदी कंपन्या

निर्यात करणाऱ्या कंपनीजवळ असलेली मत्ता खरोखर निर्यातीची आहे काय, हा प्रश्न कायद्यात स्पष्टपणे विचारणारा देश म्हणून अमेरिकेचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. १९७१ साली अमेरिकेने निर्यात-विक्रीसाठी खास देशांतर्गत कंपन्या काढण्याची मुभा दिली. डिस्क या आद्याक्षरी नावाने त्या ओळखल्या जात. मुख्य कंपनीने माल बनवावयाचा, या कंपनीच्या नावाने निर्यातीच्या नफ्याचा काही भाग दाखवावयाचा आणि त्यावरील कर लांबणीवर टाकावयाचा, अशी ही व्यवस्था. या कंपनीला स्वतःचे कर्मचारी असावे लागत नसत, कचेरी असावी लागत नसे. केवळ अडीच हजार डॉलरचे भागभांडवल पुरेसे होते.

अशा कागदी कंपनीचा दुरुपयोग होऊ नये म्हणून कायद्याने दोन कसोट्या लावल्या. कंपनीच्या एकूण जमेपैकी किमान ९५ टक्के जमा निर्यातीची असली पाहिजे; आणि वर्षअखेरीस तिच्याजवळील मत्तेपैकीही किमान ९५ टक्के मत्ता निर्यातीशी संबंधित असली पाहिजे. निर्यातीसाठी ठेवलेला माल, परदेशी गिऱ्हाइकांकडून येणे असलेली रक्कम, व्यवहारापुरते खेळते भांडवल, निर्यातीच्या मालाच्या उत्पादकाला दिलेले कर्ज, हे सारे या व्याख्येत बसे. करमुक्त पैशातून जमीनजुमला घेऊन ठेवणारी किंवा भलत्याच कंपन्यांचे समभाग बाळगणारी कंपनी या कसोटीवर नापास होई.

कसोटी वरकरणी कडक होती. पण तिच्यातच पळवाट होती. उत्पादकाला दिलेले कर्ज हे निर्यातीची मत्ता म्हणून चाले, आणि हा उत्पादक बहुधा त्या कंपनीची धनीण असलेली मुख्य कंपनीच असे. म्हणजे एका खिशातील करमुक्त पैसा दुसऱ्या खिशात कर्ज म्हणून परत येई. युरोपीय देशांनी गॅटकडे तक्रार केली. १९७६ साली तज्ज्ञमंडळाने ती व्यवस्था निर्यातीला दिलेले अर्थसाहाय्यच आहे असे मत दिले. त्यानंतर १९८४ साली अमेरिकेने नवी योजना आणली, परदेशी विक्री कंपन्यांची. या कंपन्यांची नोंदणी व्हर्जिन बेटे, बार्बाडोस अशा ठिकाणी होऊ लागली. जुन्या कंपन्यांनी लांबणीवर टाकलेला साचलेला कर या बदलाच्या वेळी कायमचा माफ झाला. लांबणीवर टाकलेला कर आणि माफ केलेला कर यांत अंतर किती थोडे असते, हे त्यावरून दिसले.

जागतिक व्यापार संघटनेत हा वाद पुन्हा पेटला. २००० साली अपील मंडळाने ही नवी योजनाही नियमबाह्य ठरविली. तिच्या जागी आणलेला कायदाही २००२ साली टिकला नाही. २००३ साली युरोपीय संघाला वर्षाला ४ अब्ज डॉलरहून अधिक रकमेची प्रतिकारवाई करण्याची परवानगी मिळाली आणि २००४ साली अमेरिकी संसदेने ती सवलत मागे घेतली. १९८४ नंतर निराळ्या रूपात उरलेली डिस्क मात्र, लांबणीवर टाकलेल्या करावर व्याज देण्याच्या अटीसह, अमेरिकेच्या कायद्यात शिल्लकच राहिली. सवलत देणे सोपे आणि काढणे कठीण, हा नियम श्रीमंत देशांनाही चुकलेला नाही.

व्याज, भाडे आणि नव्वद टक्के

भारताने मत्तेची कसोटी लावली नाही. त्या मत्तेतून येणाऱ्या उत्पन्नाची लावली. ८० एचएचसी कलमात वजावट काढण्याचे सूत्र असे होते: धंद्याचा नफा गुणिले निर्यातीची उलाढाल, भागिले एकूण उलाढाल. या सूत्रात एक छिद्र होते. निर्यातदाराने बँकेत ठेवी ठेवल्या, गाळे भाड्याने दिले, दलाली मिळविली आणि ते उत्पन्न धंद्याच्या नफ्यात धरले गेले, तर तेही निर्यातीच्या नफ्यात मिसळून करमुक्त होई. १९९१ च्या दुसऱ्या वित्त कायद्याने हे छिद्र बुजविण्याचा प्रयत्न केला. दलाली, कमिशन, व्याज, भाडे यांसारख्या जमेपैकी ९० टक्के रक्कम धंद्याच्या नफ्यातून वगळावी, असे स्पष्टीकरण कलमात घालण्यात आले. उरलेले १० टक्के हे ती जमा मिळविण्यासाठी आलेल्या खर्चापोटी सोडले होते.

एखाद्या काल्पनिक कंपनीचा हिशेब मांडला म्हणजे या नियमाचे वजन कळते. तिचा धंद्याचा नफा १०० लाख रुपये आहे. त्यात व्याजाचे २० लाख आणि भाड्याचे १० लाख आहेत. एकूण उलाढालीत निर्यातीचा वाटा ८० टक्के आहे. जुन्या सूत्राने ८० लाख रुपये करमुक्त झाले असते. नव्या नियमाने ३० लाखांचे ९० टक्के, म्हणजे २७ लाख, आधी वगळावयाचे. उरलेल्या ७३ लाखांचे ८० टक्के म्हणजे ५८ लाख ४० हजार रुपये. फरक २१ लाख ६० हजारांचा. ही रक्कम कोणत्याही गिरणीतून, कोणत्याही गोदीतून आलेली नव्हती. ती ठेवींतून आणि गाळ्यांतून आली होती. तिला निर्यातीचे नाव मिळू नये, हा नियमाचा हेतू रास्तच होता.

तथापि नियमाच्या शब्दांवरून पुढील वीस वर्षे वाद चालले. नव्वद टक्के कशाचे, संपूर्ण व्याजाचे की त्यातून खर्च वजा जाता उरलेल्या व्याजाचे? एसीजी असोसिएटेड कॅप्सूल्स या कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली निर्णय दिला की, नफ्यात प्रत्यक्ष समाविष्ट झालेल्या निव्वळ रकमेचेच नव्वद टक्के वगळावयाचे. निर्णय तर्कशुद्ध होता. परंतु तो आला तेव्हा ते कलम फलशून्य होऊन सात वर्षे उलटली होती. २००० च्या अर्थसंकल्पात यशवंत सिन्हा यांनी सवलत टप्प्याटप्प्याने आटोपती घेण्याचे ठरविले. ८०, ७०, ५०, ३० टक्के असे करीत २००५-०६ च्या करनिर्धारण वर्षापासून ती शून्यावर आली. दोन वर्षांनी, २००२ साली, विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील कृतिदलानेही दर कमी आणि सवलती मोजक्या असाव्यात हीच दिशा दाखविली.

परवान्यांची मत्ता

निर्यातदाराजवळ आणखी एक मत्ता असे आणि ती सर्वांत चमत्कारिक होती: सरकारने दिलेला कागद. निर्यातीच्या मोबदल्यात आयातीचा परवाना मिळे. तो बाजारात अधिमूल्याने विकता येई. रोख भरपाई मिळे, भरलेल्या शुल्काचा परतावा मिळे. हे उत्पन्न नफा मानावयाचे की नाही, यावर वाद होता. प्रा. मधु दंडवते अर्थमंत्री असताना १९९० च्या वित्त कायद्याने ते धंद्याचा नफा ठरविले, आणि तेही अनुक्रमे १९६२, १९६७ व १९७२ पासून.

१९९७ साली डीईपीबी ही पासबुकाची पद्धत आली. निर्यातीच्या प्रमाणात पासबुकात रक्कम जमा होई. ती आयातशुल्कापोटी वापरता येई किंवा दुसऱ्याला विकता येई. विकून आलेल्या संपूर्ण रकमेला नफा म्हणावयाचे की दर्शनी किमतीहून जास्त आलेल्या रकमेलाच? मोठ्या निर्यातदारांच्या दृष्टीने हा प्रश्न कोट्यवधींचा होता. २००५ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केली, ती १९९८ पासून लागू केली आणि १० कोटींहून अधिक उलाढाल असलेल्यांना जाचक अटी घातल्या. सात वर्षांपूर्वी संपलेल्या व्यवहारांना नव्या अटी लागल्या. २०१२ साली टॉपमन एक्स्पोर्ट्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दर्शनी किंमत वजा जाता उरलेला तेवढाच हस्तांतराचा नफा, असे स्पष्ट केले. आणि २०१५ साली त्या अटी पूर्वलक्षी प्रभावाने लादता येणार नाहीत, यावर अवनी एक्स्पोर्ट्सच्या प्रकरणात शिक्कामोर्तब झाले. आपली चूक मागच्या तारखेने निस्तरण्याचा मोह सरकारला वारंवार होतो. कर बुडविणारा दोषी असतो हे खरे. पण खेळ संपल्यावर नियम बदलणारा पंचही विश्वास गमावतो.

या साऱ्या वादांत एक तरतूद मात्र लहान उत्पादकाच्या बाजूची होती. निर्यातगृहाने दुसऱ्याकडून माल घेऊन निर्यात केला, तर आपण या मालावरील वजावट मागणार नाही असे प्रमाणपत्र ते देऊ शके आणि मग ती वजावट पुरवठादार उत्पादकाला मिळे. मदनपुऱ्यापासून धारावीपर्यंतच्या लहान कारखानदारांपैकी ज्यांचे हिशेब नीट होते, त्यांच्यापर्यंत सवलतीचा ओघ या वाटेने पोहोचण्याची शक्यता होती. पण ओघ तेथेच थांबे. जो प्राप्तिकराचे विवरणपत्र भरण्याइतकेही कमावत नाही, नगावर मजुरी घेऊन काम करतो, त्याच्या नावाने कोणते प्रमाणपत्र द्यावयाचे? शिवाय प्रमाणपत्र देणे हे निर्यातगृहाच्या मर्जीवर होते. इप्का लॅबोरेटरीजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: निर्यातगृहाने स्वतः बनविलेल्या मालावरील नफा तेवढा मोजावा आणि दुसऱ्याकडून घेतलेल्या मालाच्या निर्यातीतील तोटा दृष्टीआड करावा, हे चालणार नाही. नफा आणि तोटा दोन्ही एकाच ताजव्यात घालावे लागतील.

राखीव निधीची अट

आता ज्या नियमाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही, त्याकडे वळले पाहिजे. १९८५ च्या दुरुस्तीत एक अट होती: जितकी वजावट मागावयाची, तितकी रक्कम नफातोटा खात्यातून काढून राखीव निधीत ठेवावी आणि ती धंद्यासाठीच वापरावी. शंभर टक्के माफी आली, तेव्हा ही अट कलमात उरली नाही. सवलत वाढली आणि तिच्यावरील लगाम सुटला, असे दोन्ही एकदम झाले.

तोच विचार पुढे विशेष आर्थिक क्षेत्रांच्या कायद्याबरोबर पुन्हा अवतरला. अंधेरीचे सीप्झ १९७३ पासून निर्यातीसाठी राखलेले होते. तेथील घटकांसाठी करमाफीचे निराळे कलम १९८१ साली आले. २००५ च्या कायद्याने जे १० एए कलम आणले, त्यात पहिली पाच वर्षे निर्यातीच्या नफ्यावर शंभर टक्के, पुढील पाच वर्षे पन्नास टक्के वजावट होती. त्यानंतरच्या पाच वर्षांत मात्र पन्नास टक्क्यांपर्यंतची वजावट राखीव निधीत टाकलेल्या रकमेपुरतीच मिळे. हा निधी तीन वर्षांच्या आत नवी यंत्रसामग्री घेण्यासाठी खर्च करावा लागे. तोवर तो धंद्याच्या कामी वापरता येई. पण त्यातून लाभांश वाटता येत नसे, तो नफा म्हणून परदेशी पाठविता येत नसे आणि देशाबाहेर मत्ता उभारण्यासही वापरता येत नसे. अट मोडली तर तितक्या रकमेवर कर लागे.

येथे कायद्याने प्रथमच योग्य प्रश्न विचारला. अमेरिकेने वर्षअखेरीस कंपनीजवळ काय आहे ते पाहिले. १९९१ च्या नियमाने कंपनीने कोठून मिळविले ते पाहिले. १० एए कलमाने सोडलेल्या करातून काय उभे राहिले ते पाहिले. पहिल्या दोन कसोट्या फसवणूक रोखण्यासाठी आहेत आणि त्या आवश्यकच आहेत. पण सार्वजनिक पैशाचा सार्वजनिक उपयोग झाला की नाही, हे फक्त तिसरी कसोटी सांगते. दुर्दैव असे की, ही कसोटी पंधरा वर्षांपैकी शेवटच्या पाच वर्षांना लागली. सवलत सर्वांत मोठी होती त्या पहिल्या दहा वर्षांना नाही. आणि मत्ता म्हणजे यंत्र, इतकाच अर्थ तिने घेतला. कामगाराचे प्रशिक्षण, त्याचे घर, कारखान्याजवळचे पाळणाघर यांना त्या निधीतून वाव नव्हता.

निर्यातदारांची बाजू

निर्यातदारांचे म्हणणे हलक्याने घेण्यासारखे नाही. १९९१ साली परकीय चलनाची गंगाजळी आटली, तेव्हा रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोने परदेशी धाडावे लागले होते. त्या नामुष्कीनंतर निर्यात वाढविणे ही राष्ट्रीय गरज होती. आपल्या मालात देशातील कर मिसळून तो बाहेर पाठविला, तर जागतिक बाजारात तो टिकणार नाही, हा युक्तिवादही बरोबरच आहे. तथापि तो अप्रत्यक्ष करांना लागू पडतो. मालावर बसलेले शुल्क परत करणे निराळे आणि नफ्यावरील कर सोडणे निराळे. पहिल्याने मालाची किंमत उतरते. दुसऱ्याचा लाभ नफा झाल्यानंतर मिळतो आणि ज्याला अधिक नफा, त्याला अधिक लाभ. धडपडणाऱ्या, तोट्यात असलेल्या निर्यातदाराला करमाफीचा उपयोग शून्य.

जागतिक नियमांचीही हीच विभागणी आहे. दरडोई उत्पन्न कमी असल्यामुळे भारताला निर्यात अर्थसाहाय्यावरील बंदीतून काही काळ सूट होती. ती मर्यादा ओलांडल्यानंतर अमेरिकेने २०१८ साली तक्रार केली आणि ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी तज्ज्ञमंडळाने विशेष आर्थिक क्षेत्रांतील करमाफीसह अनेक योजना नियमबाह्य ठरविल्या. भारताने अपील केले. परंतु अपील मंडळच सदस्यांअभावी ठप्प झाल्याने ते लटकले. स्वतः तीन वेळा योजना बदलून हरलेल्या देशाने ही तक्रार करावी, यात नियतीचा विनोद आहेच. दरम्यान नव्या घटकांसाठी १० एए कलमाचे दार २०२० साली बंद होऊ लागले आणि १ जानेवारी २०२१ पासून, मालात दडलेले कर परत करणारी रोडटेप ही योजना आली. तिचा परतावाही हस्तांतरणीय इलेक्ट्रॉनिक पत्राच्या रूपाने मिळतो. म्हणजे विकता येणारा कागद पुन्हा आला आहेच.

संसदेने २०२५ साली नवा प्राप्तिकर कायदा संमत करून १ एप्रिल २०२६ हा त्याच्या अंमलाचा दिवस ठरविला. पुढेमागे निर्यातीला, किंवा आणखी कोणत्या उद्योगाला, नफ्यावर करमाफी द्यावयाचे ठरलेच, तर या चाळीस वर्षांतून तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. माफ केलेली रक्कम पहिल्या वर्षापासूनच राखीव निधीत दिसली पाहिजे. तिच्यातून काय घेतले, याचे विवरण हिशेबपत्रकाबरोबर प्रसिद्ध झाले पाहिजे, आणि यंत्राबरोबर माणसावर केलेला खर्चही त्यात मोजला गेला पाहिजे. आणि जो नियम करावयाचा, तो पुढच्या तारखेने करावा; मागच्या तारखेने नव्हे.

घोडपदेवच्या न्यू हिंद मिलच्या जमिनीवर आता म्हाडाच्या उंच इमारती उभ्या आहेत. गिरणगावातील अन्य जमिनींवर कचेऱ्यांचे आणि घरांचे मनोरे झाले. मत्ता नाहीशी होत नाही, ती हात बदलते आणि रूप बदलते. कोणाच्या श्रमाने ती निर्माण झाली, हे सातबारा सांगत नाही आणि नफातोटा पत्रकही सांगत नाही. कर सोडताना सरकारने ते विचारले असते, तर कायद्यात त्याला उत्तर द्यावे लागले असते. तो प्रश्न विचारण्यासाठी कोणत्याही नव्या तत्त्वज्ञानाची गरज नाही. शाळेच्या सहलीला दिलेल्या वर्गणीचा हिशेब मुख्याध्यापक शिक्षकाकडे मागतात, कचेरीतील टपालखर्चाची पावती साहेब कारकुनाकडे मागतो; तितकीच काटेकोर मागणी सोडून दिलेल्या कोट्यवधींच्या बाबतीत व्हावी, एवढेच पुरे आहे.